जिवंत माणसाच्या फोटोला हार

माझं नाव दिग्रसमध्ये फार थोड्यांना माहीत आहे. बाजारात निघाले की लोक म्हणतात, "हारवाल्या काकू चालल्या." बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, या बाईचं फुलांचं दुकान असावं. माझा फोटो स्टुडिओ आहे. पस्तीस वर्षं मी त्यात उभी आहे, पहिली दहा सासऱ्यांच्या हाताखाली आणि पुढची स्वतःच्या जिवावर. लग्नं काढली, बारशी काढली, शाळांचे ग्रुप काढले. ओळखपत्रांसाठी काढलेले चेहरे तर मोजायला बसले तर दिवाळी उलटून जाईल. पण पंचक्रोशीत नाव झालं ते गेलेल्या माणसांच्या फोटोंमुळे. तेराव्याला, म्हणजे आमच्याकडच्या तेरवीला, टेबलावर ठेवायचा आणि मग कायमचा भिंतीवर लावायचा तो मोठा फोटो. आमच्याकडे त्याला सरळ 'हाराचा फोटो' म्हणतात.

बाहेरच्याला हे काम सोपं वाटतं. घरचे फोटो आणतात, आपण मोठा करून द्यायचा, त्यात काय एवढं? पण माणूस सत्तर वर्षं जगतो आणि त्याचा एकट्याचा धड एक फोटो घरात सापडत नाही, हा माझा अनुभव आहे. जो सापडतो तो कुणाच्या तरी लग्नातला असतो. त्यात हा बुंदीची बादली घेऊन पंगतीत वाकलेला असतो, नाहीतर नवरदेवाच्या मागे अर्धा लपलेला असतो. ओळखपत्रावरचा चेहरा तर त्याच्या बायकोलाही ओळखू येत नाही. मग त्या पंगतीतून मी माणूस उचलते. बादली काढते, मागचा मांडव काढते, खांद्यावरचा परका हात काढते आणि तो हात जिथे होता तिथला सदरा नव्याने भरते. तोंडात घास असेल तर एक गाल दुसऱ्या गालाच्या मापाने बसवते. एवढं करूनही घरच्यांनी बघताक्षणी "हेच आमचे बाबा" म्हटलं पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

सासऱ्यांच्या काळात ब्रश आणि शाई होती. त्यांच्याकडे तीन कोटही होते, म्हणजे कोटांचे फोटो. एक काळा, एक तपकिरी आणि एक टायवाला. गेलेल्या माणसाचा चेहरा कापून त्यातल्या एका कोटावर बसवायचा. ज्यांनी जन्मात बंडीशिवाय काही अंगात घातलं नाही, असे कितीतरी शेतकरी आमच्या स्टुडिओतून कोट घालून भिंतीवर गेले. एका घरी नातीने मला विचारलं होतं, "आमचे आबाजी वकील होते का व काकू?" त्या दिवसापासून मी कोट बंद केले. गिऱ्हाइकं कुरकुरली, दोन-चार शेजारच्या दुकानात गेली. जाऊ दिली.

काय पुसायचं आणि काय ठेवायचं, हे मला एका गिऱ्हाइकानेच शिकवलं. दिग्रसला दिलेली एक मुलगी राजूरच्या आपल्या वडिलांचा फोटो घेऊन आली होती. ते खाणीत कामाला होते. खाणीतल्या माणसाच्या पापण्यांच्या कडेला कोळसा असा बसतो की काजळ घातल्यासारखं दिसतं, कितीही धुतलं तरी जात नाही. मी माझ्या हुशारीत तो स्वच्छ पुसून टाकला. तिने फोटो हातात घेतला आणि परत टेबलावर ठेवला. म्हणाली, "काकू, बाबाच्या डोयातलं कायं कुठं गेलं? थे परत घाला. हा त कोनी शायेतला मास्तर दिसून राह्यला." मी ते काळं परत घातलं. तेव्हापासून कुणाचा तीळ, व्रण, गोंदण मी विचारल्याशिवाय पुसत नाही. लग्नाला दाखवायच्या मुलींना गोरं करून द्यायलाही नाही म्हणते, त्यावरून मुलींच्या आयांशी माझी किती भांडणं झाली ते वेगळंच.

आता मुद्द्यावर येते. एवढी शहाणी बाई एकदा अशी चुकली की तिच्या हातून एक जिवंत माणूस भिंतीवर गेला. तेच सांगायला बसले आहे.

सासऱ्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने फोटो आणला की त्याच्याकडून चेहऱ्यावर बोट ठेवून घ्यायचं. "हे का?" "हाव, हेच." मग ते त्या चेहऱ्याखाली पेन्सिलीने बारीक फुली मारायचे आणि पाकिटावर गेलेल्याचं नाव लिहायचे. मला ते अति वाटायचं. दुःखातल्या माणसाला असं बोट ठेवायला लावणं बरं दिसत नाही, असं मी एकदा म्हणालेही. ते म्हणाले, "दुःखातल्या माणसाचंच बोट लागते. तोंडाचा काई भरोसा नाही." पुढे फोटो मोबाइलवर यायला लागले. गिऱ्हाईक पुण्यात, फोटो माझ्या हातात, बोट कुठे ठेवणार? नियम आपोआप सुटला आणि सुटला हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यात आमच्या धंद्यातला डाव्या-उजव्याचा घोळ. फोटो काढताना आम्ही डावं म्हणतो ते समोर बसलेल्याचं डावं. "डावा खांदा खाली घ्या" म्हटलं की त्याने त्याचा डावा खांदा खाली घ्यायचा असतो. पण तोच फोटो पडद्यावर उघडून काम करायला बसलं की डावं म्हणजे माझ्या डाव्या हाताकडचं. खुर्ची बदलली की डावं बदलतं. इतकी वर्षं हे मी रोज करते आणि कधी अडलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, गजाननचा निरोप आला. गजानन पुसदला नोकरीला, गाव दिग्रसपासून अर्ध्या तासावर. त्याचे वडील वसंतराव वारले होते. मोबाइलवर एक फोटो आणि त्याखाली त्याचा आवाज, घसा बसलेला: "काकू, बाबा गेले. परवा तेरवी हाय. फोटो पाठोला, डावीकडचे बाबा व्हय. जराक चांगला करजा."

फोटो घरच्याच एका लग्नातला होता. सोफ्यावर दोन म्हातारे मांडीवर जेवणाच्या थाळ्या घेऊन शेजारी शेजारी बसलेले. दोघांच्या डोक्यावर आहेराच्या पांढऱ्या टोप्या, गळ्यात सारखेच शेले, मिशाही सारख्याच. एक वसंतराव आणि दुसरे त्यांचे धाकटे भाऊ नामदेवराव, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त डावीकडचा माणूस बघितला. माझ्या डावीकडचा. गजाननने सांगितलेलं डावं हे सोफ्यावर बसलेल्यांचं होतं.

काम सुरेख झालं, हे मी आजही म्हणेन. तो माणूस फोटोबाहेरच्या कुणाकडे तरी बघून मिशीतल्या मिशीत हसत होता. ते हसू मी अजिबात बिघडवलं नाही. टोपी सरळ केली, शेल्याची चुणी नीट बसवली, मागे साधा फिका रंग दिला. झेंडूचा हार घातला. फाइल गजाननला पाठवली आणि फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून गावाकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये ठेवून दिली. गजानन आचाऱ्याच्या आणि मांडववाल्याच्या मागे धावत होता. त्याने मोबाइलवर टोपी बघितली, मिशी बघितली, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिलं. मोठं करून बघायला त्याला सवड नव्हती.

तेरवीच्या दिवशी सकाळी नामदेवराव ओसरीत बसले होते. दहाव्याला भावासाठी डोकं आणि मिशी काढलेली. त्यांचा मोबाइल वाजला. ढाणकीला दिलेली त्यांची बहीण रडत होती, "गयाबाईले फोन द्या रे पोट्टेहो, माया नामदेव गेला व माय!" नामदेवराव म्हणाले, "मी बोलून राह्यलो ना सुमन." पलीकडून आवाज आला, "मी म्हंजे कोन?" आणि फोन बंद झाला. पंधरा मिनिटांत असे तीन फोन आले. तेवढ्यात मांडवात त्यांच्या बायकोने, गयाबाईंनी, फ्रेमवरचं वर्तमानपत्र सोडलं. फोटो टेबलावर उभा करून कुंकू लावायला वाकल्या आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती म्हणे गावाच्या पाणवठ्यापर्यंत ऐकू गेली.

मला गजाननचा फोन आला तेव्हा मी ओळखपत्राचा एक फोटो काढत होते. तो एवढंच म्हणाला, "काकू, तुमी काकाले मारलं."

गिऱ्हाइकाला हात जोडून बाहेर काढलं, स्टुडिओचं शटर अर्धं खाली घेतलं आणि खऱ्या वसंतरावांचा फोटो करायला बसले. दोन तासांत फ्रेम तयार झाली. आमचे हे म्हणाले, "फ्रेम पाठवून दे, तू जाऊ नको. लोक अंगावर येतील." मी म्हटलं, चूक मी केली, फ्रेमने नाही. स्कूटी काढली आणि गेले.

मांडवात पंगत बसायची होती. गयाबाईंनी मला बघितलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "ये व बाई, ये. पाह्य. हे बसले थे कोन हाय? भूत हाय का? यायच्या गळ्यात हार घातला तुनं! येत्या आठ दिवसात नागपूरले यायच्या हार्टचं आपरेशन हाय, ठाऊक हाय का तुले? काय पाहून काम करतं तू?"

ठाऊक नव्हतं. मी सगळ्यांसमोर हात जोडले आणि चूक माझी आहे म्हणाले. एक म्हातारबुवा मध्ये पडले. म्हणाले, "जाऊ द्या व गयाबाई. जिता मानूस मेला अशी बातमी उठली का त्याचं आयुष्य वाढते."

नामदेवराव शांतपणे म्हणाले, "वसंतादादाचीबी उठलती तशी बातमी. मागच्या वर्षी. काय वाढलं त्याचं?"

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "जेवून जा बाई." मी जेवले. पानात काही टाकलं तर तो आणखी एक अपराध होईल या भीतीने वांग्याची भाजी, पुरी सगळं संपवलं. आणलेली फ्रेम टेबलावर लागली. चुकीची फ्रेम मी मागितली तर कळलं की नामदेवरावांनी ती आपल्या खोलीत नेऊन ठेवली होती.

चार दिवसांनी गजाननचा पुन्हा फोन आला. काका ऑपरेशनला जायला तयार नव्हते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तीन नळ्या बंद आहेत, तारीख चुकवू नका. काकांचं एकच म्हणणं, "माया फोटो लागला हारात. आता डाक्टरले कायले तरास?" गजानन माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हुंदके देत होता. बाप गेला होता आणि आता काका चालला होता, आणि मधे मी होते. त्या दिवशी मी दोन लग्नांची कामं परत केली. कॅमेऱ्याला हात लावायची इच्छा होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "फोटोवाल्या बाई व्हय का? मी नामदेव. तुमी मारलेला." आणि हसले. "कॅमेरा घेऊन या घरी. काम हाय."

मी गेले. घरात कापूस भरलेला होता, पुढच्या खोलीत छातीइतका ढीग. भाव येईल म्हणून ठेवलेला. नामदेवराव उंबऱ्याजवळ खुर्चीवर बसले होते, ती फ्रेम शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली. हार मी फोटोतच घातलेला होता, त्यामुळे काढायची सोय नव्हती.

"बसा," ते म्हणाले. "ह्या फोटोत मी कोनाकडे पाहून हासून राह्यलो, सांगा बरं."

मी म्हटलं, मला कसं माहीत असणार.

"वाढप्याकडे. त्यानं दादाच्या थाळीत दुसऱ्यांदा जिलबी टाकली अन मले इच्यारलंबी नाही. म्हनून हासलो. आता मी मेल्यावर पोट्टे पन्नास वर्ष ह्या जिलबीपायी हासनाऱ्या मानसाले उदबत्ती लावतीन का? मरायचंच हाय त माया फोटो त माया असू द्या. दादाच्या मांडीले मांडी लावलेला नोको. एकट्याचा काढा."

फोटो काढला तर या माणसाच्या मरणाला मीही हो म्हटल्यासारखं होत होतं. नाही काढला तर आधीच एकदा चुकलेली बाई त्याचं शेवटचं मागणंही नाकारत होती. आमच्या धंद्यात यावर काही नियम नाही, आणि सासरे आता हयात नव्हते. मी जे मनात आलं ते बोलले.

"काढते. पण छापणार नाही. तुम्ही नागपूरला जायचं, ऑपरेशन करून यायचं, आणि स्टुडिओत येऊन मला साइज सांगायची. तोवर तो माझ्याकडे राहील."

"अन नाही आलो त?"

"मग गजानन येईल. पण फोनवर सांगितलेलं चालणार नाही. त्याला फोटोवर बोट ठेवायला लावीन."

नामदेवरावांनी मग आत बघून हाक मारली, "गये, सदरा काढ व धुतलेला. बाई सौदा पक्का करून राह्यली."

फोटोचं सांगते. सकाळचं ऊन अंगणात होतं, दारातून एका बाजूने येत होतं. अशा उजेडात चेहऱ्याचा अर्धा भाग उजळतो आणि अर्धा काळा पडतो. मोठ्या शहरातले लोक त्या काळ्या बाजूला पांढरा कागद धरतात, छत्र्या लावतात. माझ्याकडे त्या दिवशी अख्खी खोली भरून कापूस होता. मी नामदेवरावांची खुर्ची हातभर मागे सरकवली आणि ढिगावरचं पोतं काढून टाकलं. दारातला उजेड कापसावर पडून त्यांच्या दुसऱ्या गालावर असा अलगद आला की मी पस्तीस वर्षांत तसा उजेड बघितला नव्हता. डोक्यावर केसांची खुंटं, मिशी नाही, सदऱ्याचं वरचं बटण उघडं. मी म्हटलं, इकडे बघा, हसू नका, काही करू नका. त्यांनी बघितलं. गयाबाई आत होत्या, घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या एका क्षणात त्या माणसाच्या डोळ्यांत सगळी भीती वर आली. तोंड तसंच शांत होतं, डोळे मात्र नव्हते. मी बटण दाबलं. दाबतानाच कळलं की हा माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला फोटो आहे.

ते नागपूरला गेले. ऑपरेशन सोमवारी होतं.

आता जे सांगणार आहे ते कुणाला सांगितलेलं नाही. शनिवारी नागपूरचे एक बुजुर्ग छायाचित्रकार कामानिमित्त दिग्रसला आले होते, स्टुडिओत चहाला थांबले. पडद्यावर तो फोटो उघडाच होता. ते चहा विसरून बघत उभे राहिले. म्हणाले, हे प्रदर्शनाला पाठवा, अर्ज मी देतो, हे पहिलं येणार. इतकी वर्षं मी काम केलं, पण मोठ्या माणसाने माझ्या फोटोसमोर असं उभं राहणं हे पहिल्यांदाच होतं. ते गेल्यावर मी अर्ज भरला. नाव, गाव, फोटोचं शीर्षक. खाली एक रकाना होता, फोटोतल्या व्यक्तीची माहिती. तिथं पेन थांबलं. आणि माझ्या मनात एक विचार आला की हा माणूस परत आला नाही, तर या फोटोचं वजन आणखी वाढेल.

असा विचार मी केला. क्षणभरच, पण केला. मला माझीच किळस आली. हारवाल्या काकू म्हणून लोक विश्वासाने घरातलं माणूस माझ्या हातात देतात आणि मी त्यांच्या जाण्याचा हिशेब मांडत होते. अर्ज तसाच खणात टाकला.

सोमवारी दुपारी गजाननचा फोन आला. "काकू, झालं. डाक्टर म्हनतेत सगळं चांगलं झालं. काका बोटं हालवून राह्यले." मी स्टुडिओतल्या त्या गोल स्टुलावर बसले, ज्यावर बसवून मी हजारो लोकांना "हनुवटी वर" म्हटलं आहे, आणि ढसाढसा रडले. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात ते काय असतं ते त्या दिवशी कळलं. आमच्या ह्यांनी शटर खाली ओढलं आणि पाणी आणून दिलं.

दीड महिन्याने दोघं आले. नागपूरला तपासणी करून परत जाताना एसटी स्टँडवरून सरळ माझ्याकडे. नामदेवराव वाळले होते, पण मिशी परत आली होती आणि छाती एका हाताने धरून चालत होते. गयाबाईंच्या हातात दवाखान्याची जाडजूड फाइल. बसल्या बसल्या नामदेवराव म्हणाले, "सौद्याचं मानूस आलं. दाखवा बरं माया फोटो."

मी पडद्यावर उघडला.

त्यांनी तो नीट बघितला. मग मान फिरवली. "पुसून टाका."

"काका, चांगला आला आहे," मी म्हटलं. खरं ते सांगून टाकायचं ठरवलं होतं, म्हणून प्रदर्शनाचंही सांगितलं. अर्ज भरला होता तेही सांगितलं. फक्त तो विचार सांगितला नाही. म्हटलं, "तुम्ही हो म्हणाल तरच. नाहीतर नाही."

"चांगला हाय, म्हनूनच म्हनतो. बाई, हे मायं भेव हाय. म्या घरात कोनालेच दाखोलं नाही. गजाननले नाही, जावयाले नाही, इलेबी नाही. तुमाले कसं दिसलं त्या दिवशी, मले ठाऊक नाही. हे कोनाले दाखवाचं नसते. पुसून टाका."

मी माऊसवर हात ठेवला. खरं सांगते, वाईट वाटलं. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्या अर्जाचं काय करायचं, हा दीड महिना मनात अडकलेला काटा त्यांनी एका वाक्यात काढून टाकला होता.

"थांब व बाई," गयाबाई म्हणाल्या. त्या खुर्ची सोडून पडद्याजवळ आल्या होत्या. नाक पडद्याला लागेल इतक्या जवळून बघत होत्या. "येवढे भेलते तुमी?"

नामदेवरावांनी नजर खाली घातली.

"अन मले म्हनत होते, मले काय धाड भरली, तू कायले रडतं. चाळीस वर्षं झाली, हेच म्हनतेत, मले काई होत नाही. इंचू चावला तई हेच. बैलानं शिंग मारलं तई हेच." त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं, मग माझ्याकडे वळल्या. "बाई, पुसून टाक, पन मले एक छापून दे. लहानसा. भिंतीवर नाही लावत मी. कोनाले दाखवतबी नाही."

मी नामदेवरावांकडे बघितलं. फोटो त्यांचा होता, हे मी आता विसरणार नव्हते. त्यांनी छातीवरचा हात जरा सैल केला आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, "द्या तिले."

एकच प्रत छापली. दोघांच्या समोर फाइल पुसली, आणि कॅमेऱ्याच्या कार्डावरची पण. अर्ज खणातून काढला आणि फाडला. नामदेवरावांनी विचारलं, आता दुसरा काढायचा का, भिंतीसाठी. मी म्हटलं, इतकी घाई नाही, पुढच्या वर्षी या. ते मोठ्याने हसले आणि टाके दुखले म्हणून लगेच थांबले.

गयाबाईंनी फोटो पदराने एकदा पुसला आणि दवाखान्याच्या फाइलमध्ये, एक्स-रेच्या आणि हृदयाच्या ठोक्यांची रेघ उमटलेल्या लांब कागदाच्या मधे नीट सरकवला. मी म्हटलं, काकू, वेगळं पाकीट देते, त्या फाइलमध्ये चुरगळेल.

"नोको," त्या म्हणाल्या. "हाबी रिपोर्टच व्हय."